टूथब्रशचा शोध नेमका कुणाचा? दातण, डुकराचे केस आणि नायलॉन

सूरसागरकाठ | शनिवार, सकाळी ८.४०

सामान्यज्ञानाच्या बहुतेक पुस्तकांत एक ओळ ठरलेली असते: टूथब्रशचा शोध – विल्यम ॲडिस, इंग्लंड, १७८०. भाच्याचा अभ्यास घेताना परवा पुन्हा तीच ओळ समोर आली आणि राहवलं नाही, म्हणून हा धागा. आपल्या बडोद्यात आजही सकाळी मार्केटच्या बाहेर ओल्या गोणपाटावर बाभळीच्या दातणांच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. इथल्या मुलाने दात घासण्याचा इतिहास लंडनच्या तुरुंगापासून पाठ करावा, हे मला पटत नाही. अस्मितेचा प्रश्न नाही हा. तो इतिहास तसा घडलेलाच नाही.

आधी ॲडिसबद्दल. हा चिंध्यांचा व्यापारी. १७७० मध्ये दंगलीच्या आरोपावरून तुरुंगात गेला. तेव्हा तिकडे दात घासायचे म्हणजे फडक्यावर काजळी आणि मीठ घेऊन चोळायचं. त्याने जेवणातलं एक हाड राखून ठेवलं, त्याला बारीक भोकं पाडली, पहारेकऱ्याकडून राठ केस मिळवले आणि त्यांचे झुपके भोकांत चिकटवले, अशी गोष्ट त्याच्या घराण्यात सांगत आले. सुटल्यावर १७८० च्या सुमारास त्याने कारखाना काढला. हा कारखाना मात्र गोष्टीतला नाही, खराखुरा. विझडम या नावाने तो धंदा इंग्लंडात अजून चालू आहे. ब्रश घाऊक प्रमाणात तयार करून विकायचं श्रेय ॲडिसला द्यायलाच हवं. पण शोध? ऑक्सफर्डच्या अँथनी वुड या इतिहासकाराने बॅरेट नावाच्या माणसाकडून टूथब्रश विकत घेतल्याची नोंद करून ठेवली आहे, आणि ती आहे १६९० सालची. म्हणजे ॲडिसच्या कारखान्याच्या ९० वर्षं आधी इंग्लंडात ही वस्तू पैसे टाकून मिळत होती.

केसांचा ब्रश मुळात चीनचा. तांग राजवटीपर्यंत, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकापर्यंत, त्याचा माग काढतात. पुष्कळ ठिकाणी १४९८ हे साल दिलेलं असतं, पण त्याच्या कितीतरी आधीचा पुरावा जमिनीतूनच निघालेला आहे. इनर मंगोलियात चिफंगजवळ ल्याव राजवटीतली इ.स. ९५९ ची एक कबर उघडली, तिच्यात ब्रशच्या हाडाच्या दोन दांड्या सापडल्या. टोकाला दोन ओळींत मिळून आठ भोकं. केस कधीच नाहीसे झाले होते, पण ती भोकं बघितली की वस्तू कसली आहे हे सांगावं लागत नाही.

पुढचा साक्षीदार मला सगळ्यात आवडतो. डोगेन हा जपानचा झेन भिक्षू १२२३ मध्ये चीनला गेला. तिथले भिक्षू घोड्याच्या शेपटीचे केस बसवलेल्या ब्रशाने दात घासताना त्याने पाहिले आणि त्याला ते अजिबात रुचलं नाही. बुद्धाने सांगितलेली काडी चावायची रीत इथे लोक विसरले, अशी त्याची तक्रार. म्हणजे तेराव्या शतकात चीनमध्ये काडी मागे पडून ब्रश रुळत होता, आणि हे बदललेलं पाहून हळहळणारा माणूस ते लिहून ठेवत होता.

आता ती काडी. इत्सिंग हा चिनी भिक्षू ६७१ मध्ये निघाला, समुद्रमार्गे भारतात आला, नालंदेला शिकला. इथल्या विहारांतली दिनचर्या त्याने बारकाईने लिहिली आहे. दातांची काडी बारा अंगुळं लांब, कमीत कमी आठ, जाडी करंगळीएवढी. एक टोक सावकाश चावून मऊ करायचं आणि त्याने दात घासायचे. या काडीमुळे इकडे दातदुखी क्वचितच आढळते, असंही तो म्हणतो. आता सुश्रुतसंहिता उघडा. दंतधावनाची काडी बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, गाठी नसलेली. माप तेच! वैद्याच्या ग्रंथातलं माप आणि परदेशी भिक्षूने डोळ्यांनी पाहिलेलं माप जुळतं, तेव्हा ग्रंथातली रीत खरोखर रोजच्या वापरात होती असं समजायला हरकत नाही. सुश्रुताने झाडंही रसांप्रमाणे निवडून दिली आहेत: कडूमध्ये कडुनिंब, तुरटमध्ये खैर, गोडमध्ये मोह, तिखटमध्ये करंज.

तर वाट अशी दिसते. काडी बौद्ध भिक्षूंबरोबर इथून चीनला गेली. चीनमध्ये केसांचा ब्रश निघाला, तो युरोपात पोचला, तिथे कारखान्यात शिरला आणि विलायती वस्तू म्हणून आपल्या मोरीत येऊन उभा राहिला. एकाच माणसाचं नाव पाठ करून हे सगळं हातचं जातं.

आपल्याकडे, विशेषतः बडोद्याच्या मराठी घरांत, ब्रश कधी आला? त्याआधी काय वापरत? जाणत्यांनी लिहावं.

---

दांडियाबाजारकर | शनिवार, सकाळी ९.५५

सुरेख धागा. वय झालंय, त्यामुळे आठवणी भरपूर आहेत.

आमच्या वाड्यात राखुंडी. दुकानातली नाही, घरची. गोवऱ्यांची राख जुन्या धोतराच्या कापडातून वस्त्रगाळ करायची. तुरटी तव्यावर टाकली की आधी पाणी सुटतं, मग ती फुगून पांढरीशुभ्र लाही होते. ती कुटून घालायची. सैंधव, भाजलेली लवंग, चिमूटभर कापूर. बदामाची टरफलं कुणी फेकत नसे, ती जाळून त्यांचा कोळसाही यात जाई. आजी ही राखुंडी काचेच्या बरणीत भरून मोरीच्या कोनाड्यात ठेवी आणि ओला हात बरणीत घातला तर ओरडे. तर्जनीने दात घासायचे नाहीत, मधल्या बोटाने घासायचे, असाही एक नियम होता. मामाकडे पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, गेलो की दातण. तिकडे सगळं गुजराती वळण. ओट्यावर बसून अर्धा तास चावणं चाले, त्यातच अख्ख्या पोळाच्या बातम्या कळत.

ब्रश आला तो थोरल्या काकांमुळे. ते रेल्वेत होते, मुंबईहून घेऊन आले. आजोबांनी हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे केस कशाचे?" काकांना सांगता येईना. आजोबांनी ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. "डुकराचे केस तोंडात घालणार?" एवढंच म्हणाले. शेजारी बोहऱ्यांचं घर होतं. त्यांच्याकडेही याच कारणासाठी ब्रश वर्ज्य होता. या एका बाबतीत दोन्ही घरांचं पक्कं एकमत.

आजोबा गेल्यानंतर घरात ब्रश सर्रास झाले. तोवर केस बदलले होते की आजोबांचा वचक संपला होता, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

---

रेवाकाठची | शनिवार, सकाळी १०.२०

वाचतेय. काका, राखुंडीचा वास आला अगदी!

पण डुकराचे केस हे खरंच ने? मी तर लोकांनी उठवलेली हूल समजत होते.

---

मकरपुरा_पॉलिमर | शनिवार, दुपारी १.१५

हूल नाही, ताई. आजोबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. १९३८ पर्यंत जगातल्या बऱ्याचशा ब्रशांमध्ये डुकराचेच केस असत. थंड प्रदेशातल्या रानडुकरांच्या मानेवरचे, पाठीवरचे केस जास्त राठ असतात, म्हणून सैबेरिया आणि उत्तर चीनच्या मालाला मागणी. युरोपात काहींना ते हिरड्यांना टोचत, म्हणून घोड्याच्या केसांचेही ब्रश निघाले. पण ते फार मऊ, दातावरचं किटण निघेना.

माझी सगळी नोकरी पॉलिमरमध्ये गेली, त्यामुळे पुढचा भाग मला जवळचा आहे. जनावराचा केस आतून सच्छिद्र असतो. पाणी शोषतो, लवकर वाळत नाही, ओलसरपणात जंतू वाढतात. वर तो तुटतो आणि झुपक्यातून निसटतो. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या चमूने फेब्रुवारी १९३५ मध्ये नायलॉन ६,६ तयार केलं. दोन रसायनं, दोन्हींत सहा-सहा कार्बन, म्हणून ६,६. नायलॉन म्हटलं की लोकांना बायकांचे मोजे आठवतात, पॅराशूट आठवतं. पण या धाग्याची बाजारात आलेली पहिली वस्तू मोजे नव्हतेच, टूथब्रश होता! २४ फेब्रुवारी १९३८ ला 'डॉ. वेस्ट्स मिरॅकल टफ्ट' नावाचा ब्रश विक्रीला आला. मोजे अमेरिकाभर दुकानांत पोचले ते मे १९४० मध्ये. नायलॉन हे नावसुद्धा तोवर जाहीर झालं नव्हतं. ब्रशातल्या धाग्याला कंपनी एक्स्टन म्हणे. कॅरोथर्सला यातलं काहीच पाहायला मिळालं नाही. आदल्या वर्षी, एप्रिल १९३७ मध्ये, त्याने आत्महत्या केली. जगभरात कोट्यवधी लोक रोज सकाळी ज्याच्या रेणूने दात घासतात, त्याचं नाव कुठल्याच सामान्यज्ञानाच्या पुस्तकात या ओळीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मोज्यांआधी ब्रश का, तर ब्रशाला जाड, सुटा धागा चालतो. मोज्याला लागणारा बारीक, एकसारखा धागा कातायचं तंत्र बसायला वेळ लागला. शिवाय तेव्हा चीन-जपान युद्ध पेटलं होतं आणि चीनमधून येणाऱ्या केसांचा भरवसा राहिला नव्हता.

आपल्या बडोद्याचाही नायलॉनशी जुना संबंध आहे. फर्टिलायझरनगरला जीएसएफसीत, म्हणजे गुजरात स्टेट फर्टिलायझर्सच्या कारखान्यात, कॅप्रोलॅक्टम नावाचं रसायन तयार होतं आणि त्यापासून नायलॉन ६. हे भावंड जर्मनीतल्या पाउल श्लाकचं, १९३८ चं. पण चांगल्या ब्रशाला मुख्यतः नायलॉन ६,१२ वापरतात. कारण पाणी. नायलॉन ६ पूर्ण भिजलं की वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी धरतं आणि लिबलिबीत होतं. ६,१२ साधारण ३ टक्क्यांवर थांबतं. म्हणून ओला असतानाही त्याचा धागा वाकून पुन्हा सरळ उभा राहतो.

जुना ब्रश टाकून देण्याआधी एकदा पक्कडीने एक झुपका ओढून बघा. धागे अर्ध्यात दुमडलेले असतात आणि दुमडीत धातूची एक इवलीशी चपटी पट्टी असते. ती पट्टी धाग्यांसकट भोकात ठोकतात, तिच्या कडा प्लास्टिकमध्ये रुततात, बास. डिंक नाही, काही नाही. सूरसागरकाठ यांनी लिहिलेल्या ९५९ च्या दांडीत आणि आजच्या दांडीत मूळ रचना तीच आहे: ओळीने भोकं आणि भोकात झुपका.

---

शंकेखोर | शनिवार, दुपारी ३.०५

धागा आवडला, पण एक शंका. काडी इथून चीनला गेली हे मान्य, इत्सिंग-डोगेन भक्कम साक्षीदार आहेत. पण त्या काडीपासून केसांचा ब्रश निघाला असं कुठे सिद्ध होतं? चीनमध्ये केसांच्या कुंचल्याने लिहायची परंपरा केवढी जुनी! हाडाला केस बांधायची कल्पना तिकडून सुचली नसेल कशावरून? नाहीतर उद्या कुणीतरी हाच धागा ढकलपत्रात फिरवील: 'टूथब्रशचा शोध भारतीयांनी लावला.'

---

सूरसागरकाठ | शनिवार, दुपारी ४.३०

शंकेखोर, म्हणूनच वर 'वाट' असा शब्द वापरला, वंशावळ म्हटलेलं नाही. काडीतून ब्रश जन्मला असा पुरावा नाही, आणि डोगेनच्या लिखाणात तर दोघं एकमेकांसमोर उभे दिसतात. कुंचल्याचं तुम्ही म्हणता ते शक्य आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की रोज सकाळी उठून, ठरावीक वेळी, ठरावीक मापाच्या साधनाने दात घासायचे आणि ते साधन टाकून द्यायचं, ही शिस्त साधनाच्या आधीची आहे. भिक्षूंसाठी तो आचाराचा भाग होता. ही शिस्त नसती तर चीनमध्ये ब्रश कुणी मागितला असता? युरोपात शतकानुशतकं फडकं आणि दातकोरणं यांवर भागत होतं, कारण रोज घासायची सवयच सर्वत्र नव्हती. सवय आधी, वस्तू मागाहून. त्या सवयीच्या इतिहासात दातणाला पहिल्या पानावर जागा हवी. 'शोध भारतीयांनी लावला' हे लिहिणंही ॲडिसच्या ओळीइतकंच चूक, त्याबाबत मी तुमच्याच बाजूला आहे.

---

वाडीतली_वेदा | शनिवार, रात्री ९.१०

दातणावर वाचून आज संध्याकाळी मुद्दाम थांबले. घराजवळच्या नाक्यावर एक मावशी बसतात, त्यांच्याकडून जुडी घेतली आणि बोलत बसले. जे कळलं ते लिहिते.

त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या हाच धंदा. घरचे पुरुष पहाटे गावाबाहेर जाऊन फांद्या तोडून आणतात. घरी काटे खरवडून काढायचे, वीतभर लांबीचे तुकडे करायचे, जुड्या बांधायच्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या. वाळलं की दातण चावत नाही, फुटतं. त्यामुळे कालचा माल आज स्वस्तात जातो. बाभूळ लागते ती देशी बावळ. रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीवर माजलेली असते तो गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ. ती दातणाला चालत नाही, आणि हल्ली जिकडेतिकडे तीच. देशी बाभळीसाठी दरवर्षी आणखी लांब जावं लागतं. मावशींनी दोन्हींच्या काड्या हातात देऊन फरक दाखवला. देशीची साल काळपट आणि भेगाळलेली, चावली की तुरट रस सुटतो आणि धागे सुटे सुटे होतात. करंज आणि कडुनिंबही ठेवतात, पण मागणी बाभळीलाच. रमजानमध्ये खप वाढतो. एरवी गिऱ्हाईक म्हणजे म्हातारी माणसं आणि सकाळी फिरायला जाणारे.

वापरून झालं की मधोमध उभी चीर पाडायची आणि त्या फाकीने जीभ खरवडायची, हेही त्यांनीच करून दाखवलं. इत्सिंगने जिभेबद्दल काही लिहिलंय का?

---

सूरसागरकाठ | शनिवार, रात्री ९.४०

लिहिलंय! काडी चावून झाल्यावर ती फाडायची, वाकवायची आणि जीभ खरवडायची. तेराशे वर्षांमागे नालंदेला जे चालत असे ते तुम्ही आज नाक्यावर पाहिलंत. फार छान काम केलंत, वेदाताई.

---

डॉ_मुक्ता | रविवार, सकाळी ११.००

मी दातांची डॉक्टर. रोज दोन्ही प्रकारची तोंडं बघते: आयुष्यभर दातण केलेली आणि आयुष्यभर ब्रश केलेली. धाग्यात इतिहास उत्तम आलाय, मी तोंडाच्या आतलं लिहिते.

दातण करणारे आजोबा येतात तेव्हा पुढचे दात बहुधा स्वच्छ असतात, हिरड्या घट्ट. बाभळीत टॅनिन असतं, त्याने हिरड्या आवळतात. शिवाय बराच वेळ चावल्यामुळे लाळ सुटते आणि लाळ हेच दातांचं पहिलं संरक्षण. पण आरसा दाढांच्या मागे नेला की चित्र बदलतं. काडी सरळ असते, ती दाढांच्या आतल्या बाजूला, जिभेकडच्या अंगाला नीट पोचत नाही. तिथे दगडासारखं किटण. आणि आडवं जोरात घासणाऱ्यांच्या दातांच्या मानेला, हिरडीच्या वर, पाचरीसारख्या खाचा पडलेल्या असतात. हे चुकीच्या पद्धतीने ब्रश करणाऱ्यांतही सर्रास दिसतं, दोष एकट्या दातणाचा नाही. पिलूच्या काडीवर, म्हणजे मिसवाकवर, जागतिक आरोग्य संघटनेनेही एके काळी अनुकूल मत दिलं होतं. जिथे दुसरं काही परवडत नाही तिथे नीट शिकवून काडी वापरणं हे काहीच न वापरण्यापेक्षा शतपटीने चांगलं, हे मी खात्रीने सांगते.

राखुंडीबद्दल दांडियाबाजारकर काकांना हात जोडून सांगते: आठवण जपा, बरणी नको. राख कितीही गाळली तरी तिच्यात खरखरीत कण राहतात. दातावरचं कवच एकदा झिजलं की शरीर ते पुन्हा बनवत नाही.

इतिहासात एक नाव मला जोडायचंय. चार्ल्स बास. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते, दातांचे डॉक्टर नव्हेत. निवृत्तीनंतर ते सूक्ष्मदर्शकाखाली दातांवरचा थर तपासत बसले. १९४८ मध्ये त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली, ब्रशाचा धागा बारीक हवा, सुमारे ०.००७ इंच, म्हणजे ०.१८ मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचं टोक गोल घासलेलं हवं. दुसरी, ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर ४५ अंशांत तिरका धरून जागच्या जागी हलकेच हलवायचा. आम्ही आजही विद्यार्थ्यांना बास पद्धत म्हणून हेच शिकवतो. सुरुवातीचे नायलॉनचे ब्रश फार कडक होते, हिरड्या सोलून निघत. मऊ नायलॉन १९५० च्या दशकात आलं. तेव्हा कारखाना ॲडिसचा, धागा कॅरोथर्सचा आणि तो हातात कसा धरायचा हे बास यांचं.

कृपया कडक ब्रश घेऊ नका. 'कडक म्हणजे स्वच्छ' असं मानणारे पेशंट रोज भेटतात आणि त्यांच्या हिरड्या खाली सरकलेल्या बघून जीव तुटतो.

---

गंगनाथ_पाऊलवाट | रविवार, दुपारी १२.४५

दातणाबद्दल एक आठवण हवीच. काकासाहेब कालेलकर, साताऱ्यात जन्मलेले, पुढे गुजराती साहित्यातलं मोठं नाव. त्याआधी आपल्या बडोद्यात गंगनाथ विद्यालयात शिकवत. १९३० मध्ये ते येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते. गांधीजींसाठी दातणाची काडी आणायचं काम काकासाहेबांकडे. गांधीजींनी त्यांना सांगितलं की चावून कुंचा झालेला भाग रोज कापून टाक आणि तीच काडी उद्या पुन्हा दे. तुरुंगात झाडं भरपूर होती, रोज नवी काडी सहज मिळाली असती. पण काडी वाळून निकामी होईपर्यंत ती टाकायचा आपल्याला हक्क नाही, हा त्यांचा विचार. काकासाहेबांनी हे लिहून ठेवलंय.

---

रेवाकाठची | रविवार, दुपारी १.१०

अवांतर: पेस्टच्या ट्यूबबद्दलही कुणी लिहा ना.

---

शंकेखोर | रविवार, दुपारी २.२५

थोडक्यात लिहितो, नाहीतर धागा भरकटेल. मुडपता येणारी धातूची ट्यूब ही मुळात चित्रकारांची वस्तू. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये तैलरंगांसाठी ती केली. तोपर्यंत रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवत. (डूक्कर या धाग्याचा पिच्छा सोडत नाही.) अमेरिकेतले दंतवैद्य वॉशिंग्टन शेफील्ड यांनी १८९२ मध्ये पेस्ट ट्यूबमध्ये भरून विकली. कोलगेटची पेस्ट १८७३ पासून बरण्यांत मिळत होती, ती १८९६ मध्ये ट्यूबमध्ये आली. त्याआधी सगळं घर एकाच बरणीत ब्रश बुडवत असे, म्हणजे ट्यूबने चवीपेक्षा स्वच्छतेचंच काम जास्त केलं.

---

दांडियाबाजारकर | रविवार, सायंकाळी ५.३०

डॉक्टरबाई, बरणी केव्हाच गेली, काळजी नसावी. आता सूनबाईंनी बांबूचा ब्रश आणलाय. प्लास्टिक नको म्हणून. पाकिटावर लिहिलंय 'संपूर्ण नैसर्गिक'. वर इतकं वाचल्यावर विचारणं भाग आहे: हे केस कशाचे?

---

मकरपुरा_पॉलिमर | रविवार, सायंकाळी ६.१५

काका, आजोबांचाच प्रश्न तुम्ही विचारलात आणि तो आजही विचारायलाच हवा.

बांबूच्या बहुतेक ब्रशांत दांडी बांबूची आणि धागे नायलॉनचेच असतात. ते पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडतं. 'एरंडेलापासून बनवलेले धागे' असं असेल तर तेही नायलॉनच, फक्त कच्चा माल पूर्ण किंवा अंशतः एरंडाच्या तेलातून आलेला. आणि एरंड म्हटलं की त्यात गुजरातचा शेतकरी आलाच. पण 'संपूर्ण नैसर्गिक' किंवा 'नॅचरल ब्रिसल' एवढंच लिहिलेलं असेल तर सावध राहा. पूर्णपणे वनस्पतीचे, ब्रशाला चालतील असे धागे बाजारात जवळपास नाहीतच. असे ब्रश बहुतेक वेळा डुकराच्या केसांचेच असतात. एक धागा उपटून काडीने जाळून बघा. केस असेल तर जळक्या केसांचा वास येईल आणि चुरगळणारी काळी राख पडेल. नायलॉन असेल तर आधी वितळून टोकाला कडक मणी होईल.

नायलॉन निघालं तर दांडी मातीत घालण्याआधी झुपके पक्कडीने उपटून वेगळे टाका. ती धातूची पट्टीही त्यांच्याबरोबरच बाहेर येते.

---

दांडियाबाजारकर | रविवार, रात्री ८.०५

जाळून बघितला. मणी झाला.